निकालाच्या छेदात कोण कोण आहे?

अंबाजोगाई,
२० मे

प्रिय माधव,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. परभणी जिल्ह्यातल्या त्या शाळेत जूनपासून तू मुख्याध्यापक म्हणून रुजू होणार, हे वाचून मनापासून आनंद झाला. सर्व थरांतल्या मुलांना सामावून घेणारी आणि तरीही गुणवत्तेत कमी न पडणारी माध्यमिक शाळा कशामुळे घडते, असे तू विचारले आहेस. तुझ्या वाक्यातला ‘तरीही’ हा शब्द मला खटकला, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

निकालाची टक्केवारी हा शेवटी एक अपूर्णांक असतो. अंशाकडे सगळ्यांचे लक्ष असते, छेदाकडे कोणी पाहत नाही. नोकरीच्या सुरुवातीला मी ज्या शाळेत होतो, तिचा दहावीचा निकाल सलग काही वर्षे शंभर टक्के लागत होता आणि तसा फलक प्रवेशद्वारावर लावलेला असे. नववीच्या वार्षिक परीक्षेनंतर मात्र गणितात आणि इंग्रजीत कच्ची असलेली मुले बाजूला काढली जात आणि त्यांच्या पालकांना बोलावून १७ नंबरचा फॉर्म भरण्याचा, म्हणजे शाळा सोडून खाजगीरीत्या दहावीला बसण्याचा सल्ला दिला जाई. मी वर्गशिक्षक होतो. एका ऊसतोड मजुराशी त्याच्या मुलाबद्दल मी स्वतः असे बोललो. त्याने वाद घातला नाही. दाखला घेतला, टोपी सारखी केली आणि तो निघून गेला. मुलगा परीक्षेला बसलाच नाही. दोन वर्षांनी तो कोयता घेऊन कर्नाटकातल्या उसाच्या फडावर गेल्याचे कळले. आमच्या त्या वर्षीच्या शंभर टक्क्यांत तो कुठेच नव्हता आणि त्याला वगळणारा हात माझा होता, हे मी आजही विसरू शकत नाही.

तेव्हापासून मी शाळेचा निकाल एकाच रीतीने मोजतो: आठवीच्या पटावर जितकी नावे होती, त्यांपैकी किती मुले दहावी उत्तीर्ण होऊन बाहेर पडली. शिक्षण हक्क कायदा वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत मुलाचा हात धरतो आणि नेमका तेथे सोडतो. पुढची दोन वर्षे शाळेच्या इच्छेवर अवलंबून असतात. म्हणून माध्यमिक शाळेची खरी परीक्षा नववीत होते, असे माझे मत आहे.

आता त्या ‘तरीही’बद्दल. आमच्या शाळेत काही वर्षांपूर्वी अतिशय क्षीण दृष्टी असलेली एक मुलगी आठवीत आली. पहिल्या बाकावर बसूनही तिला फळा दिसत नसे. तेव्हा आम्ही शिक्षकांनी ठरवले की फळ्यावर लिहिलेला प्रत्येक शब्द आणि प्रत्येक पायरी मोठ्याने उच्चारायची. ‘हे इकडे नेले, ते खाली आणले’ असे न म्हणता, ‘उणे तीन एक्स बरोबरच्या चिन्हापलीकडे नेले की अधिक तीन एक्स होते, कारण दोन्ही बाजूंमध्ये आपण तीन एक्स मिळवले’ असे पूर्ण वाक्य बोलायचे. सुरुवातीला आमचीच जीभ अडखळत होती. सहामाही परीक्षेपर्यंत मात्र दोन गोष्टी दिसू लागल्या. घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलणारी तांड्यावरची मुले आणि शेवटच्या बाकावरची, फळा उतरवताना मागे पडणारी मुले उदाहरणे स्वतः सोडवू लागली. आणि वर्गातली सर्वांत तल्लख मुले ‘असे का?’ म्हणून विचारू लागली, कारण पायरी बोलून दाखवताना शिक्षकाला तिचे कारणही सांगावेच लागते. जी सोय एका मुलीसाठी केली होती, तिने सगळ्या वर्गाचे गणित सुधारले. सर्वांना सामावून घेणे हे गुणवत्तेच्या वाटेतले ओझे आहे, हा समज माझ्यापुरता त्या वर्षी संपला.

दिव्यांग विद्यार्थ्यांविषयी कायदा आता स्पष्ट आहे. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य झाले आहे. परीक्षेत लेखनिक घेता येतो, तासाला २० मिनिटे जादा वेळ मिळतो. परंतु लेखनिक जर परीक्षेच्या आदल्या आठवड्यात शोधला, तर त्याला सांगावे कसे आणि मध्येच थांबवावे कसे, हेच मुलाला कळत नाही. आमच्याकडे घटक चाचणीपासूनच लेखनिक सोबत बसतो. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि मंडळाकडे करायचा अर्ज ही कामे पालकांवर सोडू नकोस. जिल्हा रुग्णालयाच्या फेऱ्यांत एकेक दिवसाची मजुरी बुडते आणि तो कागद तसाच राहतो.

आपल्याकडची गळती दिवाळीशी बांधलेली आहे, हे तुला वेगळे सांगायला नको. ट्रक भरून ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की वर्गात बाक रिकामे होतात. दहावीला बसण्यासाठी ७५ टक्के हजेरी लागते आणि फडावर गेलेले मूल ती गाठू शकत नाही. आम्ही सप्टेंबरातच मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी घेतलेल्या घरांची यादी करतो, प्रत्येक घरी दोन शिक्षक जातात आणि मूल आजीजवळ, चुलत्याजवळ किंवा वसतिगृहात कोठे राहील, हे मुकादमाची गाडी येण्याआधीच ठरवून टाकतो. मुलींच्या बाबतीत धोका आणखी मोठा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत बीड आणि परभणी या दोन्ही जिल्ह्यांत विशीच्या पहिल्या पाच वर्षांतील ४० टक्क्यांहून अधिक स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधीच झालेले आढळले. मुलगी नववीत सलग चार दिवस आली नाही, तर पाचव्या दिवसाची वाट पाहू नये.

जादा तासांबद्दलही लिहितो, कारण ती चूक आम्ही बरीच वर्षे केली. तास संध्याकाळी असत आणि मानव विकास कार्यक्रमातली मुलींची बस त्याआधीच निघून जाई. त्यामुळे ज्या मुलींना त्या तासांची सर्वाधिक गरज होती, त्याच बाहेर राहत. आता तो तास आम्ही सकाळी, बस आल्यानंतर वेळापत्रकातच घातला आहे. शाळेची वेळ एसटीच्या वेळेवर बेतायला कमीपणा वाटून घेऊ नकोस.

लातूर पॅटर्नविषयी तू आदराने लिहिले आहेस आणि तो आदर मलाही आहे. सतत सराव, उत्तरपत्रिकांची काटेकोर तपासणी आणि शिक्षकांचे अपार कष्ट यांनी मराठवाड्यातल्या मुलांना मोठा आत्मविश्वास दिला. तो काटेकोरपणा जरूर घे. मात्र आधी हुशार मुले निवडून मग त्यांच्यावर मेहनत घेण्याची रीत घेऊ नकोस. ‘अ’ तुकडी हुशारांची आणि ‘क’ तुकडी उरलेल्यांची, अशी वाटणी तुझ्या शाळेत असेल तर ती पहिल्याच वर्षी मोडून टाक. पालक तक्रार करतील, संस्थेकडून विचारणा होईल, तरीही मोड. ‘क’ तुकडीत नाव लागलेल्या मुलाला जूनमध्येच आपली किंमत कळते आणि तेथे शिकवणाऱ्या शिक्षकाच्या अपेक्षाही त्याच महिन्यात खाली येतात.

सामावून घेणे म्हणजे ३५ गुणांवर समाधान मानणे, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. आठवीच्या प्रत्येक पात्र मुलाला एनएमएमएस या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या मुलांसाठीच्या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसव. त्यात निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात आणि ऊसतोडीच्या घरात ही रक्कम मूल शाळेत टिकवण्याइतकी मोठी ठरते. तयारी वर्गातल्या सर्वांची घे. निवड न झालेल्यांचे गणितही तयारीने सुधारते.

शिक्षकांविषयी एवढेच सांगतो की, महिन्यातून एकदा सगळ्यांनी एकत्र बसून उत्तरपत्रिका वाचाव्यात. भूगोलाच्या शिक्षकाला मूल सलग वाचू शकत नाही हे दिसते, तेव्हा ‘वाचन शिकवणे हे माझे काम नाही’ असे म्हणणे त्याला जड जाते. तू स्वतः नववीचा एक तास घे, म्हणजे या बैठकीत तुझ्याही वर्गाच्या उत्तरपत्रिका असतील.

शाळा उघडण्याआधी एक काम करून ठेव. या वर्षी दहावीला बसलेल्या मुलांचा दोन वर्षांपूर्वीचा, आठवीचा हजेरीपट कपाटातून काढून ठेव. मी जूनच्या पहिल्या आठवड्यात परभणीला येतो. आपण दोघे ओसरीवर बसून एकेक नाव वाचू आणि जी नावे निकालाच्या यादीत सापडणार नाहीत, त्यांच्या गावांना त्याच आठवड्यात जाऊन येऊ. आईंना माझा साष्टांग नमस्कार सांग.

तुझा,
दत्ता