गोळीची कंपनी आता बदलायची नाही

हैदराबाद, जुलैअखेर

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आधी निर्णय सांगते, मग हवं तेवढं रागवा. तुमच्या बीपीच्या गोळ्या, म्हणजे बाबांची टेल्मिसार्टन आणि मेटोप्रोलोल, आणि आईची अ‍ॅम्लोडिपिन, यापुढे प्रत्येकी एकाच कंपनीच्या आणि एकाच मेडिकलमधून येणार. डॉक्टरांशी बोलून झालंय. नव्या चिठ्ठीवर त्यांनी औषधाच्या नावासोबत कंपनीचं नावही लिहिलंय. मेडिकलवाल्या काकांना दोन महिन्यांचा साठा बाजूला ठेवायला सांगितलाय आणि पैसेही भरलेत. त्यामुळे बाबा, "कशाला उगाच" हे या खेपेला वाया जाणार.

स्वस्त गोळी वाईट असं मी म्हणत नाहीये, हे आधी ऐका. तुम्ही ज्याला ब्रँडेड म्हणता तीही बहुतेक वेळा मूळ शोध लावणाऱ्या कंपनीची नसते. तीही जेनेरिकच, फक्त वेष्टन चकचकीत. जनऔषधीचा माल निविदेने घेतात आणि त्याची प्रत्येक बॅच एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेत तपासतात, तेव्हा तिथली गोळी घेण्यात कमीपणा काही नाही. पण निविदा म्हटली की आज एका कारखान्याची टेल्मिसार्टन ४०, पुढच्या खेपेला दुसऱ्याची. तिथे संपली की तुम्ही कोपऱ्यावरून घेता, आणि दादाने ऑनलाइन मागवली की घरात तिसरीच येते. माझा आक्षेप या बदलाबदलीवर आहे, किमतीवर नाही. माईआत्याच्या वेळी आपण किमतीवरूनच भांडत बसलो होतो, ते पुन्हा नको.

तुमचा मुद्दा मला माहीत आहे: औषध तेच, मिलिग्रॅम तेच, मग फरक कसला? बहुतेक वेळा खरंच नसतो. जेनेरिक गोळी मूळ गोळीशी ताडून बघताना रक्तात किती औषध पोचलं आणि कमाल पातळी किती झाली, हे दोन आकडे बघतात. त्यांच्या गुणोत्तराचा विश्वास-पल्ला, म्हणजे खरं गुणोत्तर ज्या दोन टोकांच्या मध्ये असण्याची दाट शक्यता असते तो पट्टा, ८० ते १२५ टक्क्यांच्या आत बसावा लागतो. लोक याचा अर्थ "गोळीत वीस टक्के औषध कमी चालतं" असा लावतात, तो साफ चुकीचा आहे. अमेरिकेत औषधांना परवाने देणाऱ्या एफडीएने १९९६ ते २००७ मधले २०७० अभ्यास तपासले, तेव्हा सरासरी फरक साडेतीन ते साडेचार टक्क्यांच्या आसपासच निघाला. मात्र ही ताडणी दरवेळी मूळ गोळीशी होते. दोन जेनेरिक एकमेकींसमोर कोणी ठेवत नाही. शिवाय नीट न विरघळणाऱ्या औषधांच्या, म्हणजे टेल्मिसार्टनसारख्यांच्या, जेनेरिकला परवाना देण्याआधी ही चाचणी हवीच, असा नियम आपल्याकडे २०१७ साली आला. बाजारात त्याच्या आधीपासूनच्या गोळ्याही आहेत. म्हणून एक निवडायची, तिच्यावर बीपी स्थिरावलं की तिलाच धरून राहायचं.

आता आई, तुझ्या घोट्यांची सूज. उभं राहून कामं केल्याने आली, असं तू म्हणालीस. मी तुला पाकिटाचा फोटो पाठवायला सांगितला तो त्यासाठीच. तुझी जुनी गोळी अ‍ॅम्लोडिपिन ५ होती. फोटोतल्या पाकिटावर एस-अ‍ॅम्लोडिपिन ५ आहे. तो एक "एस" फार मोठा आहे गं. अ‍ॅम्लोडिपिनच्या रेणूची दोन रूपं असतात, उजव्या-डाव्या चपलेसारखी. साध्या गोळीत दोन्ही निम्मी-निम्मी असतात आणि बीपी उतरवण्याचं काम त्यातलं एस रूप करतं. म्हणून साधी ५ म्हणजे एस-अ‍ॅम्लोडिपिन २.५. तुझ्या पोटात दुप्पट औषध जात होतं. पायाला सूज येणं हा या औषधाचा ओळखीचा त्रास आहे. डोस वाढला की तो वाढतो, आणि बायकांना जास्त होतो. किडनी-हृदयाचं काही नाही ना, हे डॉक्टर तपासून बघतीलच, पण घाबरू नकोस. साधी ५ पुन्हा सुरू करायला त्यांनी सांगितलंय. हे औषध अंगातून निम्मं व्हायलाच तीस ते पन्नास तास घेतं, त्यामुळे सूज दुसऱ्या दिवशी उतरणार नाही, आठवडा-दोन आठवडे दे. पाय उशीवर ठेवून झोप. ओटीवरची आरामखुर्ची आत घ्यायला मी बाबांना सांगितलंय. सूज उतरवायची म्हणून लघवीची गोळी कोणाच्याही सांगण्यावरून घ्यायची नाही. या सुजेवर तिचा फारसा उपयोग होत नाही, उलट अंगातलं मीठ-पाणी बिघडतं.

बाबांच्या मेटोप्रोलोलमध्ये दोन गोष्टी बघायच्या. एक म्हणजे सक्सिनेट की टार्ट्रेट, हे त्याच औषधाचे दोन क्षार. सक्सिनेटची गोळी औषध हळूहळू सोडते, दिवसातून एकदा पुरते आणि तिच्या नावापुढे ईआर किंवा एक्सएल असतं. टार्ट्रेट साधारण दोनदा घ्यावी लागते. पाकिटावर "२३.७५ एमजी, म्हणजे टार्ट्रेट २५ एमजीइतकं" असं बारीक अक्षरात असेल. ते बघून "सव्वा मिलिग्रॅम कमी दिली" म्हणून दुकानात वाद घालू नका, गोळी बरोबर आहे. दुसरी गोष्ट हळूहळू सोडण्याची रचना. ती प्रत्येक कंपनीची वेगळी असते. कोणी औषधाचे बारीक दाणे करून गोळीत दाबतं, कोणी पाण्यात फुगणारा चिकट थर वापरतं. रक्तातली पातळी कंपनीगणिक थोडी पुढेमागे होण्याची शक्यता अशाच गोळ्यांत जास्त. भारतात बनलेल्या मेटोप्रोलोल सक्सिनेटच्या काही बॅचेस २०१४ साली अमेरिकेतून परत मागवाव्या लागल्या, त्या विरघळण्याच्या चाचणीत न बसल्यामुळेच.

आई, मला गोळी गिळता येत नसे तेव्हा तू ती चमच्यात कुस्करून केळ्याच्या फोडीत लपवायचीस. बाबांच्या या गोळीला ते करायचं नाही. कुस्करली की दिवसभराचं औषध एका तासात सुटतं, नाडी मंदावते आणि चक्कर येते. गोळीवर खाच असेल आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तर खाचेवर अर्धी केलेली चालते. चावायची मात्र कधीच नाही. आणि ही गोळी संपली म्हणून चार दिवस बंद, असंही चालणार नाही. एकदम थांबवली की बीपी आणि नाडी उसळी मारतात, छातीत दुखू शकतं. पाकिटात सात गोळ्या उरल्या की मेडिकलला फोन करायचा.

टेल्मिसार्टनचा शत्रू आपल्या घरातच आहे. चिपळूणचा पाऊस. ही गोळी हवेतला ओलावा शोषते, कारण ती विरघळावी म्हणून तिच्यात अल्कली घालावी लागते. दादाने आणलेली सात कप्प्यांची डबी सुरेखच आहे, आणि रविवारी तुम्ही दोघं बसून ती भरता हे मला फार आवडतं. पण टेल्मिसार्टन सुटी काढून तिच्यात ठेवू नका. आठवडाभरात ती मऊ पडते, पिवळसर होते, कडा सुटतात, आणि मग "ही कंपनी काही लागू पडत नाही" असं वाटतं. कात्रीने पाकिटाचा एकेक कप्पा कापा आणि तो तसाच डबीत टाका. कापताना ज्या टोकाला मुदत छापलेली आहे ते टोक शेवटी वापरा. फ्रिजवर, देवघराच्या दिव्यापाशी किंवा गॅसच्या वरच्या फळीवर गोळ्या नकोत. बेडरूमचं कपाट उत्तम.

नावांमागची शेपटं वाचायची सवय लावा. टेल्मिसार्टनच्या ब्रँडपुढे एच असेल तर त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड आहे, सीटी असेल तर बहुधा क्लोरथॅलिडोन, एएम असेल तर अ‍ॅम्लोडिपिन. एच आणि सीटी "दोन्ही लघवीच्याच" असल्या तरी सारख्या नाहीत. क्लोरथॅलिडोन तेवढ्याच मिलिग्रॅमला बरीच जोरदार असते आणि दोन-अडीच दिवस अंगात रेंगाळते. या वयात तिने सोडियम-पोटॅशियम उतरू शकतं. दुकानातून निघण्यापूर्वी काउंटरवरच चष्मा लावून घटक, मिलिग्रॅम, ईआर आहे का आणि "मॅन्युफॅक्चर्ड बाय" वाचा. "मार्केटेड बाय" वेगळं असतं. विकणारी कंपनी तीच राहून कारखाना बदलू शकतो. चिठ्ठीवर लिहिलेल्या गोळीऐवजी दुसरी देण्याची कायद्याने केमिस्टला मुभा नाही. हे भांडायला नाही सांगत, बाबा. गोड बोलून सांगा, "आमच्या डॉक्टरांना विचारा, मग द्या."

तरीही कधी बदल करावा लागलाच तर बीपी मोजूनच ठरवायचं. नव्या गोळीच्या पहिल्याच संध्याकाळी डोकं दुखलं तर दोष लगेच तिच्यावर नको. अ‍ॅम्लोडिपिनसारखं औषध बदललं तरी जुनंच काही दिवस अंगात काम करत असतं. रंग-आकार बदलला की मन साशंक होतं, हे मान्य. अमेरिकेत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांवरचा एक अभ्यास २०१४ साली छापून आला, त्यात गोळीचा रंग किंवा आकार बदलल्यावर औषध मध्येच सोडण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. त्रास खरा असू शकतो, म्हणून तर आकडे हवेत.

मशीन दंडावर बांधायचं घेतलंय, मनगटाचं नाही. दोघांच्या दंडाचा घेर आईच्या शिवणाच्या टेपने मोजून कळवा. २२ ते ३२ सेंटिमीटर असेल तर सोबतचा पट्टा बसेल, जास्त असेल तर मोठा पाठवते. लहान पट्टा बीपी फुगवून दाखवतो. सकाळी गोळी आणि चहाच्या आधी, लघवीला जाऊन आल्यावर, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. बाबा, गप्प म्हणजे बातम्याही बंद. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. दहा सेंटिमीटर खाली लोंबला तर आकडा सात-आठने वाढतो. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही आकडे नाडीसकट जुन्या दूधाच्या वहीत लिहा. संध्याकाळी पुन्हा तसंच. सात दिवस झाले की पहिला दिवस सोडून सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ च्या खाली असेल तर छान. बदलानंतर सरासरी वरच्या आकड्यात दहाने सरकली, नाडी पन्नासच्या खाली गेली किंवा उठून उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा वीसने उतरला, तर डॉक्टरांना फोन. १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोबडी वळणं किंवा हात-पाय लुळा पडणं असेल तर मला नंतर, आधी १०८. आकडा मोठा नसला तरी ही लक्षणं दिसली की १०८ च.

आणि गोळीला दोष देण्याआधी गुडघ्यावरची ती गोळी आठवा, बाबा. डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन बीपी चढवतं, टेल्मिसार्टनचं काम कमी करतं आणि किडनीला ताण देतं. अधूनमधून पॅरासिटामॉल चालेल, तेही विचारून. पोटात गॅस झाला की सोड्याची फसफसणारी पावडर नको, तीत सोडियम भरपूर असतं. "कमी सोडियमचं" मीठही आणू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि टेल्मिसार्टन आधीच ते वाढवते. साधंच मीठ, थोडं कमी. कैरीचं लोणचं बंद करा म्हणत नाही, पानात एक फोड पुरे.

दुष्परिणाम नोंदवायला सरकारची निःशुल्क सेवा आहे, १८००-१८०-३०२४. आईच्या सुजेबद्दल आपण पाकिटावरचा बॅच नंबर घेऊन तिथे बोलू. फोन मी लावते, तू फक्त पाकीट फेकू नकोस.

रविवारी रात्री फोन करते. तेव्हा वही जवळ ठेवा.

तुमची,
चिमी

ता. क. घरात उरलेल्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्या आजच एका पिशवीत घालून पिशवी बांधा आणि दादा येईपर्यंत कपाटावर ठेवा. फेकायच्या नाहीत म्हणाल, म्हणून फेका म्हणत नाही. पण नवं नाव दिसलं की ते वेगळं औषध समजून एकच गोळी दोनदा घेतली जाते, आणि अण्णांचं तेच झालं होतं.