दादाने स्टॅम्पवर सही करण्याआधी

ती. आप्पा आणि आईस,
सा. न. वि. वि.

दादा-वहिनीला बाळ दत्तक घ्यायचंय, त्याबद्दल फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलत होता, म्हणून लिहूनच पाठवते. आत्याचा दादा घरी आला की हे पत्रच त्याच्यापुढे ठेवा.

दवाखान्यातली ती बाई म्हणते, बाळाची आई कुमारी आहे, तिला बाळ नको आहे, लाखभर द्या, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करू आणि जन्मदाखला थेट वहिनीच्या नावाने काढू. यातलं एकही पाऊल टाकू नका. वहिनीच्या नावाचा दाखला म्हणजे सरळ खोटा दस्तऐवज. नोटरीने दत्तक होत नाही. पैसे देऊन मूल घेणं ही बालन्याय कायद्याच्या कलम 81 खाली मुलाची विक्री-खरेदी आहे. पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड, दवाखान्यातलं माणूस त्यात असेल तर त्याला तीन ते सात वर्षं. कलमात विकणारा आणि विकत घेणारा दोघंही आहेत. हे सगळं टळलं तरी वीस वर्षांनी सातबाऱ्यावर वारस लावायची वेळ येईलच, आणि केळीचं वावर दिसलं की चुलतभाऊ कसे कागद उकरतात हे आप्पांना मी काय सांगू!

आप्पा, तुम्ही म्हणालात की पूर्वी मांडीवर बसवून दत्तक व्हायचं. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्याने ते आजही होतं. पण जन्मदात्यांनी स्वतः द्यावं लागतं, मूल पंधराच्या आतलं लागतं, मुलगा घ्यायचा तर घरात आधी मुलगा नसावा, आणि पैशाची देवघेव तिथेही गुन्हा आहे. दत्तकपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं असेल तरच कोर्ट ते खरं धरून चालतं. नात्यातल्या मुलासाठी हा रस्ता ठीक. मध्यस्थाने आणलेल्या अनोळखी बाळासाठी नाही.

आई, तू बाळाच्या आईचं, त्या पोरीचं काय होईल असं विचारलंस, तो प्रश्न मला दादाच्या घाईपेक्षा मोठा वाटतो. तिला बाळ सांभाळता येत नसेल तर ते बाल कल्याण समितीपुढे सोपवता येतं. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत समिती आहे, आणि रस्ता सापडत नसेल तर 1098 या मुलांच्या मदतवाहिनीवर फोन करायचा. समिती आधी तिची समजूत घालते, मग समर्पणपत्रावर सही होते. नाव गुप्त राहतं. सही केल्यावरही फेरविचाराला 60 दिवस मिळतात, तोवर ते बाळ कुणालाच दत्तक देता येत नाही. तिच्यावर यात गुन्हा नाही. पोरगी अठराच्या आतली असेल तर मात्र पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांचा कायदा, लागतो आणि पोलिसांना कळवणं दवाखान्याला बंधनकारक होतं. ती बाई एवढी घाई का करतेय, याचं उत्तर मला तिथेच दिसतं.

मग तेच बाळ दादाला मिळेल का? नाही. समितीकडे आलेलं बाळ देशभरच्या एकाच रांगेत जातं, ओळखीने मधे घुसता येत नाही. म्हणून दादाने आजच रांगेत उभं राहावं. नोंदणी ‘कारा’च्या, म्हणजे दत्तकाचं काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या प्राधिकरणाच्या, पोर्टलवर ऑनलाइन होते. फोटो, पॅन, वयाचा आणि रहिवासाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, दोघांचे वैद्यकीय दाखले आणि विवाह प्रमाणपत्र लागतं. शेवटच्या कागदावर गावाकडचे अर्ज हमखास अडतात, कारण लग्नाची नोंदच केलेली नसते. आधी ग्रामपंचायतीत ती करून घ्या. दुसरी अडचण जन्मतारखेची. शाळेच्या दाखल्यावर 1 जून आणि आधारवर भलतंच असेल (आप्पा, तुमच्या पिढीचा निम्मा गाव 1 जूनलाच जन्मलाय), तर आधी ते जुळवा. ज्येष्ठता कागद पूर्ण चढवून नोंदणी पुरी होते त्या दिवसापासून मोजतात, त्यामुळे एका दाखल्यासाठी गेलेला महिना म्हणजे रांगेतला महिना.

दोन वर्षांच्या आतलं मूल हवं असेल तर नवरा-बायकोच्या वयांची बेरीज 85 च्या आत लागते. दोन ते चारच्या मुलाला 90, चार ते आठच्या मुलाला 100. दादा 43 आणि वहिनी 40 म्हणजे 83 झाले. अजून बसतात, पण दरवर्षी बेरीज दोनने वाढते. नंतर समाजसेविका घरी येऊन गृह अभ्यास अहवाल करते. तेव्हा घर सजवू नका. कर्ज किती, आजारपण काय, आत्याला हे पटलंय का, ते खरं सांगा. तान्ह्या बाळासाठी थांबणं तीन वर्षांच्या वरच जातं. पाच-सहा वर्षांचं मूल चालणार असेल तर नंबर बराच लवकर लागतो, आणि त्यांनी याचा खरंच विचार करावा.

नंबर आला की मुलाचा फोटो आणि वैद्यकीय अहवाल दिसतो आणि 48 तासांत ते मूल आपल्यासाठी राखून ठेवावं (आरक्षण करावं) लागतं, म्हणून फोन बंद ठेवू नये. होकार देण्याआधी अहवाल बालरोगतज्ज्ञाला दाखवा. खर्च ठरलेला आहे: गृह अभ्यासाला 6,000, दत्तक संस्थेला 50,000, पुढच्या दोन वर्षांत दर सहा महिन्यांनी पाहणी आणि त्या प्रत्येकीचे 2,000. सगळ्याची पावती मिळते. कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीने दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांकडे दिला. त्यावर नवा जन्मदाखला निघतो आणि मूल पोटच्या मुलासारखंच वारस होतं.

राहिला शेजारच्या आजीचा पोरका नातू. त्याला दत्तकाची गरजच नाही, तो आजीकडेच राहू दे. तिचा अर्ज राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेत करा, दरमहा 2,250 रुपये मिळतात. आई-वडिलांचा मृत्यूचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, तहसीलदाराचा उत्पन्न दाखला, आधार आणि बँकेचं पासबुक घेऊन जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जायचं. मंजुरी बाल कल्याण समिती देते, ती मुलाला पाहिल्याशिवाय देत नाही, त्यामुळे त्याला सोबत न्या. कापूस वेचणीच्या दिवसांत आजीला मजुरी बुडवून जाणं जमणार नाही. आप्पा, तुम्हीच एक दिवस काढा आणि झेरॉक्सचे दोन संच ठेवा.

तुमची,
ताई