गिमलीत जमलं, मग आपल्या अहिराणीला एक कोपरा का नाही?

संपादक साहेब, नमस्कार.

मुलगा कॅनडात विनिपेगला असतो, मागच्या ऑगस्टमध्ये त्याने आम्हाला गिमली नावाच्या गावाला नेलं. वस्ती जेमतेम दोन-सव्वादोन हजार, म्हणजे आपल्या अमळनेर तालुक्यातलं एखादं बरं खेडं समजा. पण गावाला लागून असलेलं तळं एवढं की जळगाव-धुळे दोन्ही जिल्हे त्यात मावून वर जागा उरेल! हिवाळ्यात अख्खं गोठतं आणि कोळी बर्फाला भोकं पाडून खाली जाळी टाकतात म्हणे. १९८३ मध्ये डिझेल संपलेल्या ट्रॅक्टरसारखं इंधन संपलेलं विमान इथल्याच जुन्या धावपट्टीवर सुखरूप उतरवलं होतं, पण ते राहू द्या.

सांगायचं वेगळंच आहे. हे आइसलँडहून आलेल्या लोकांचं गाव, १८७५ च्या ऑक्टोबरात थंडीच्या तोंडावर उतरले, पुढच्याच वर्षी देवीची साथ आली आणि शंभरेक माणसं गेली. आणि अशात १८७७ ला त्यांनी त्याच वसाहतीत स्वतःच्या भाषेत पेपर काढला, ‘फ्रामफारी’ नावाचा! तीनेक वर्षांत बंद पडला ही गोष्ट वेगळी. आज बोलतात सगळे इंग्रजीच, पण आजीला अजून अम्मा आणि आजोबांना आफी म्हणतात, आणि दर ऑगस्टला मोठी जत्रा भरवतात, आपल्याकडे खानदेशात कानबाई देवी बसते साधारण त्याच सुमाराला. सुक्या आलुबुखाराचा थरांचा केक असतो तिथे, विनारतेर्ता, मूळ देशात फारसा कोणी करत नाही पण इथे घरोघरी होतो. सौ. म्हणाली हे तर आपले कानबाईचे रोट झाले.

आणि आपण? मी बहिणीशी फोनवर अहिराणीत “कसं शे वं बाई” म्हटलं की मुलगा दार लावून घेतो, नातवाच्या कानावर पडायला नको म्हणून. इथे जळगावात पण तेच, कॉलेजच्या पोरांना अहिराणी येते पण मित्रांसमोर बोलायची लाज वाटते, रील बघून हसायला तेवढी चालते.

तर विनंती एवढीच, रविवारच्या पुरवणीत अर्धा कॉलम अहिराणीत द्या, बाजारभाव असो, ओव्या असोत नाहीतर कोणाच्या म्हशीची गोष्ट. लिहिणारे मिळतील, आमच्या गल्लीतच चार जण आहेत, पहिला मजकूर मी पाठवतो, मानधन नको.

आपला,
एक जुना वाचक, अमळनेर