चित्र ‘वाचून’ न दाखवल्याबद्दल आभार

आदरणीय ताई,

तुमचं नाव इथं लिहीत नाही. गोवा लहान आहे, कुणी कुणाच्या दारात चपला काढल्या हे तिन्हीसांजेपर्यंत बाजारात पोचतं, आणि तुमच्याकडे येणाऱ्या मुलांना ते परवडणारं नाही. पण आभार उघडच मानायचे होते, म्हणजे तुमच्यासारखा कला-उपचारक, चित्रं आणि मातीकामातून मनावर उपचार करणारा माणूस, शोधणाऱ्या पालकांच्याही हाती त्यातलं काही लागेल.

पहिले आभार तुमच्या नकाराचे. मुलाचं चित्र पुढे करून ‘यातून काय दिसतं?’ असं विचारणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही नाही म्हणालात, आम्हा समुपदेशकांनासुद्धा. काळा रंग म्हणजे नैराश्य, घराला दार नाही म्हणजे एकटेपणा, असली कोष्टकं मोबाइलवर फिरतात आणि शिक्षकांच्या खोलीत मोठ्या विश्वासाने वाचली जातात. खडूंच्या डबीत न मोडलेला एक काळाच उरला असेल, हे कुणाच्या मनात येत नाही. चित्राचा अर्थ ते काढणाऱ्याकडून येतो. उपचारकाने विचारायचं ते एवढंच: इथं काय चाललंय, यातला कोण काय बोलेल, याला नाव काय देशील. पहिली ते चौथी मराठीत, पुढे इंग्रजीत आणि घरी कोंकणीत वावरणारं मूल हे नाव कुठल्या भाषेत देतं ते बघायला तुम्ही शिकवलंत. ते नाव मागे तसंच्या तसं लिहायचं, शुद्धलेखन न सुधारता.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो साहित्याच्या धड्याचा. कला-उपचार म्हणजे रंगांची पेटी पुढे ठेवणं, असा बहुतेकांचा समज असतो. औषधाची मात्रा असते तशी साहित्याचीही असते. पेन्सिल, स्केचपेन, कात्री हाताच्या ताब्यात राहतात. रेघ जिथं थांबवू तिथं थांबते. जलरंग, बोटांनी लावायचे रंग आणि ओली माती पसरतात, आणि त्यांच्याबरोबर भावनाही पसरते. म्हणून घाबरलेल्या किंवा नुकताच आघात झालेल्या मुलाला पहिल्याच दिवशी मोठा कागद आणि ओले रंग देणं चूक. रंग एकमेकांत मिसळून सगळं मातकट होतं, मूल कागद चुरगळतं आणि पुन्हा यायला तयार होत नाही. आपण म्हणतो, मुलाने सहकार्य केलं नाही. सुरुवात ए-फोर कागदावर पेन्सिलीने किंवा तेली खडूंनी करायची. हवं तर आधी ताटलीभोवती पेन्सिल फिरवून वर्तुळ काढून द्यायचं, म्हणजे रंगांना काठ मिळतो. ‘मला काढता येत नाही’ म्हणणाऱ्याला, विशेषतः मोठ्या माणसांना, जुनी मासिकं आणि गोंद: तिथं चित्र आधीच छापलेलं असतं, निवड तेवढी आपली. उलट सगळं चोख, पट्टीने आखणाऱ्या मुलाला चार-पाच सत्रांनंतर हळूहळू पाण्याकडे न्यायचं. तेव्हा कागद २०० जीएसएमच्या (कागदाच्या जाडीचं माप) खाली नको. पातळ कागद पाण्याने फाटतो, आणि त्या मुलाला तीही आपलीच चूक वाटते.

मातीचं गणित वेगळं. ती चवथीआधी चित्रशाळेतून, म्हणजे गणपतीच्या मूर्ती घडवतात तिथून, सहज मिळते. एका मुलाला अर्धा किलो पुरते. पण अंगाला नको तो स्पर्श सोसलेल्या मुलाला ओल्या मातीचा गिलावा हातावर सहन होत नाही. अशा वेळी लाकडी काडी आणि शेजारी ओला टॉवेल ठेवायचा, आणि हात पुसायला परवानगी मागावी लागू नये. शिवाय जुलैत इथली हवा माती वाळू देत नाही. जाड गोळा बाहेरून सुकतो, आत ओला राहतो आणि तडकतो. मुलाने केलेली आई अशी तडकली तर नंतर समजूत घालत बसावं लागतं, म्हणून बोटभरापेक्षा जाड काही करायचं नाही आणि पंख्याच्या थेट वाऱ्यात ठेवायचं नाही.

हा उपचार नेमकं करतो काय, याचंही तुम्ही अवडंबर माजवलं नाहीत. मनातली गोष्ट कागदावर आली की ती हातभर लांबून बघता येते, उलटी करता येते, झाकून ठेवता येते. ‘मी’ न म्हणता ‘हा होडीतला मुलगा’ म्हणून बोलता येतं. आर्ट थेरपी हा शब्द १९४२ मध्ये एड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकाराने वापरात आणला, तोही क्षयरोगाच्या आरोग्यधामात चित्रं काढता काढता. २०१६ च्या एका अमेरिकन अभ्यासात ३९ प्रौढांनी ४५ मिनिटं चित्रं-कोलाज-माती असं काही केलं, आणि सुमारे तीन-चतुर्थांश जणांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, कमी झालं. हे सांगताना तुम्ही लगेच जोडलंत, की त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. आणि २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या ४१७ रुग्णांवर झालेल्या चाचणीत गटातल्या कला-उपचाराचा वेगळा फायदा दिसला नाही, बरेच जण सत्रांना आलेच नाहीत, हेही लपवलं नाहीत. त्यामुळे बांबोळीच्या मनोरुग्णालयातून सुरू असलेली गोळी चित्रं काढायला लागल्यावर बंद करायची का, या प्रश्नाला आमच्याकडे आता सरळ उत्तर आहे: नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

उपचारक शोधण्याविषयीही तुम्ही आडपडदा ठेवला नाहीत. ब्रिटनमध्ये नोंदणी नसेल तर ‘आर्ट थेरपिस्ट’ असं नावापुढे लावता येत नाही. आपल्याकडे दोन दिवसांच्या कार्यशाळेनंतर पाटी लावली तरी सहसा कुणी अडवत नाही. तेव्हा फोनवरच विचारावं: शिक्षण किती वर्षांचं, प्रत्यक्ष रुग्णांबरोबर देखरेखीखाली किती तास काम केलं, आज तुमच्या कामावर कोण देखरेख ठेवतं, मूल स्वतःला इजा करण्याचं बोललं तर तुम्ही कुणाला कळवता. शेवटच्या प्रश्नावर जो गडबडतो त्याच्याकडे जाऊ नये. उत्तम चित्रकार असणं ही वेगळी गोष्ट आहे. चित्रकलेच्या बाई आणि उपचारक यांत गल्लत केली की मुलाच्या वहीत ‘छान’चा शेरा येतो आणि काम तिथंच संपतं. साधारण तासाभराचं सत्र, त्यात अर्धा तास हाताचं काम, बाकी बघणं-बोलणं. आठ ते बारा सत्रांनंतर थांबून आढावा. ‘तीन सत्रांत बरा करतो’ म्हणणाऱ्याला दुरून नमस्कार. तातडीची वेळ असेल तर सत्राची वाट न बघता १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन.

एक गोष्ट मात्र आम्हाला पचायला जड गेली. वार्षिक प्रदर्शनात ही चित्रं लावायची नाहीत, पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची नाहीत, पालकांनाही मुलाला विचारल्याशिवाय दाखवायची नाहीत. मुख्याध्यापकांना हे समजावणं सोपं नव्हतं. भिंत रिकामी दिसते, असं त्यांचं म्हणणं. आता प्रत्येक मुलाची वेगळी फाइल आहे, वर नाव नाही, फक्त क्रमांक. जूनआधी कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो, दर पंधरा दिवसांनी बदलतो, आणि तेली खडूंच्या चित्रांमध्ये बटर पेपर घालतो, नाहीतर दमटपणात ती एकमेकांना चिकटतात. कपाटाची एक किल्ली आमच्याकडे असते. दुसरी तुम्ही सांगितल्याप्रमाणे मोहोरबंद पाकिटात.

आपले,
फोंडा आणि डिचोली तालुक्यांतल्या शाळांमधले काही समुपदेशक