खळ्यातूनच हाक मार

दापोली तालुका
६ ऑगस्ट २०२०

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

गणपतीला यावे की नाही, असे तू परवा फोनवर विचारलेस, तेव्हा मी 'बघू' म्हणून फोन तुझ्या आईच्या हातात दिला. ते माझे चुकले. अवश्य यावे. कोरोनाच्या या साथीत एसटीने येणाऱ्यास ई-पास, म्हणजे जिल्ह्याबाहेर जाण्याचा परवाना, लागणार नाही, एका गाडीत २२ माणसेच बसवणार आहेत, आणि १२ तारखेच्या आत येणाऱ्याने दहा दिवस वेगळे राहावे, असे ठरले आहे. ११ तारखेला उतरलास तर २१ ला, हरतालिकेच्या दिवशी, तुझे दहा दिवस भरतात आणि चतुर्थीला तू पूजेला बसू शकतोस. मूर्ती दोन फुटांच्या आतलीच सांगितली आहे. तुझ्यासाठी गोठ्यालगतची खोली तयार आहे. ती इतक्या लवकर कशी तयार झाली, ते पुढे लिहितो.

तुझ्या येण्याची मला चिंता नाही. आल्यावर तू सवयीप्रमाणे वाडीतल्या घराघरांत जाशील, त्याची आहे.

आपल्याकडे दारात आलेल्या माणसाला 'आत येऊ नका' म्हणणारे घर मी सत्तर वर्षांत पाहिलेले नाही. चैत्रात गावाच्या वेशीवर बाहेरच्यांना प्रवेश नाही म्हणून बांबू आडवे टाकले होते, ते टाकणारी माणसेसुद्धा आपल्या ओटीवर आलेल्याला पाणी दिल्याशिवाय राहिली नाहीत. वेशीवर अडवणे सोपे असते, उंबऱ्यावर जीभ रेटत नाही. म्हणून या साथीत कोणाकडे जावे आणि कुठवर जावे, हे घरच्या माणसावर सोपवणे मला अन्यायाचे वाटते. ते जाणाऱ्यानेच निघण्यापूर्वी ठरवावे आणि यजमानाला नाही म्हणण्याच्या संकटात पाडू नये.

हे शहाणपण मला आपोआप आलेले नाही. जुलैमध्ये वरच्या आळीत एक वृद्ध गृहस्थ वारले आणि मी समाचाराला गेलो. त्या घरच्या सुनेने माझ्यासाठी खुर्ची ओटीच्या अगदी कडेला, पागोळ्यांचे शिंतोडे येतील इतकी बाहेर मांडली होती. दुःखाच्या घरी असे लांब बसणे मला परकेपणाचे वाटले, म्हणून मीच ती खुर्ची उचलून माजघराच्या दारापाशी नेली. मग चहा आला, मास्क हनुवटीवर उतरला आणि मी अर्धा तास बोलत बसलो. पाचव्या दिवशी त्या घरातल्या, मुंबईहून आलेल्या मुलाची चाचणी पॉझिटिव्ह आली. पुढचे चौदा दिवस मी गोठ्यालगतच्या त्या खोलीत काढले; तुझी आई ताट उंबऱ्यावर ठेवायची आणि चार पावले मागे सरून उभी राहायची. तिला मधुमेह आहे, हे मला त्या चहाच्या वेळी आठवायला हवे होते. तुम्ही उभयता काळजी कराल म्हणून तेव्हा कळवले नाही. आम्हा दोघांनाही काही झाले नाही. पण त्या मुलीला जे तोंडाने बोलता येत नव्हते ते तिने खुर्चीने सांगितले होते, आणि आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या मला ते वाचता आले नाही.

आता तू म्हणशील की ३ जूनला निसर्ग वादळ आले, तेव्हा आपल्याच घरात तीन बिऱ्हाडे होती, तेव्हा कुठे गेले होते अंतर? खरे आहे. शेजाऱ्यांची कौले पत्त्यांसारखी उडाली, पोफळी आडव्या झाल्या, आणि स्लॅबचे घर म्हणून चौदा माणसे आपल्या दोन खोल्यांत दारे-खिडक्या लावून बसली. कोणी कोणाला विचारले नाही, विचारायचेही नसते. पुन्हा तसे वादळ आले तर मी पुन्हा दार उघडेन. मात्र डोक्यावर छप्पर नाही म्हणून येणे आणि 'आलोच आहे तर तोंड दाखवून जातो' म्हणून येणे, या दोन्हींना एकच दार असले तरी एकच माप लावू नये.

चाचणी करून येतो म्हणजे दहा दिवस वाचतील, असा तुझा हिशेब असेल तर तो सोड. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा पाच-सहा दिवस जातात, क्वचित चौदाही, आणि लक्षणे दिसण्याच्या दोन दिवस आधीपासून माणूस दुसऱ्याला रोग देऊ शकतो. सोमवारी निगेटिव्ह आलेला कागद गुरुवारी काही बोलत नाही.

सर्वांत अवघड आरतीचे आहे. आपल्या वाडीत संध्याकाळी पहिल्या घरापासून सुरुवात करून सगळी मंडळी एकेका घरी आरती करत शेवटच्या घरापर्यंत जातात; बाहेर पाऊस, म्हणून दारे लोटलेली, माजघरात तीस-पस्तीस माणसे खांद्याला खांदा लावून उभी आणि आवाज टिपेला. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात १० मार्चला एका गायनवृंदाचे ६१ लोक अडीच तास सरावाला जमले होते. त्यांतील एकाला सर्दीसारखा त्रास होता. पुढे ५३ जणांना लागण झाल्याचे किंवा झाली असावी असे आढळले आणि दोघे दगावले. बंद खोलीत मोठ्याने गाणे म्हणजे काय, ते मला ही बातमी वाचून उमगले. यंदा प्रत्येक घराने आपली आरती आपणच करावी, असे मी वाडीच्या बैठकीत सुचवले आहे. दोघेतिघे रुसले आहेत. जाखडीचा नाच मात्र घरापुढच्या खळ्यात होतो, वर उघडे आभाळ असते, तेव्हा पावसाने उघडीप दिली तर थोडक्या माणसांत एखादा फेर व्हायला माझी हरकत नाही; म्हाताऱ्यांनी ओटीवरून पाहावा.

दहा दिवस संपल्यावर खालच्या घरच्या आत्तेकडे जा. न जाऊन चालणार नाही, ती एकटी असते आणि मार्चपासून तुझी वाट पाहते आहे. आदल्या दिवशी फोन कर, जेवून जा म्हणजे ती चुलीशी लागणार नाही, आणि खळ्यातूनच हाक मार. ती 'आत ये रे' म्हणेल, दोनदा म्हणेल, रागावेलही. तू तुळशीपाशीच उभा राहा, मास्क काढू नकोस, आणि पाऊस आला तर छत्री उघड.

येताना आईच्या साखरेच्या गोळ्या दोन महिन्यांच्या आण, इकडे दोनदा हेलपाटा पडला. सूनबाईंना व नातवाला आशीर्वाद. त्यांनी यंदा तिकडेच राहावे, असे तुझ्या आईचे मत आहे; माझे अजून ठरत नाही.

तुझे
अण्णा