मिस्त्रीमामा, तुमच्या त्या पोलादी पट्टीसाठी

आदरणीय मिस्त्रीमामांना,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात न देता सगळ्यांसमोर लिहिते आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरातून फुलेवाडीला येऊन तुम्ही माझ्या शेडमधल्या टेबल सॉवर, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्यानं लाकूड कापायच्या मशीनवर, जे काम केलंत, त्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. "मशीन नीट चालव, झालं," एवढंच म्हणालात. तेव्हा निदान तुम्ही काय केलंत ते चार जणांना कळावं, आणि त्यांच्यापैकी कुणाकडे असंच जुनं मशीन उभं असेल तर त्यालाही उपयोग व्हावा, असं वाटलं.

मशीन सेकंडहँड. बिडाचं टेबल, दहा इंची पातं, दोन एचपीची मोटर. फिरत होतं, कापत होतं, आणि विकणाऱ्याच्या मते तेवढं पुरे होतं. तुम्ही मात्र आल्या आल्या प्लग उपटलात आणि वायरचं टोक टेबलावर आणून ठेवलंत. प्लग डोळ्यांसमोर दिसल्याशिवाय पात्याजवळ बोट न्यायचं नाही, हा तुम्ही शिकवलेला पहिला नियम. स्विच बंद आहे एवढ्यावर विसंबायचं नाही.

मग पुल्या मोजल्यात. मोटर १,४४० फेऱ्यांची, तिची पुली सहा इंची, पात्याच्या शाफ्टची अडीच इंची. म्हणजे पातं मिनिटाला साधारण ३,४५० फेरे घेणार. हा आकडा पात्यावर छापलेल्या कमाल फेऱ्यांपेक्षा कमी आहे ना, हे पाहिल्यावरच तुम्ही पुढे गेलात. दहा इंची पात्याचे दाते या वेगाला ताशी १६५ किलोमीटरच्या आसपास पळतात. हा हिशेब तुम्ही मला कागदावर माझ्याच हातानं करायला लावलात, त्यामुळे तो आता विसरणं शक्य नाही.

त्यानंतर टेबलाच्या खाचेला पातं समांतर आहे का ते पाहणं. लेथवरचा डायल, म्हणजे केसाएवढा फरकही सुईनं दाखवणारं मापक, तुम्ही सोबत आणला होता. पात्यावर एका जागी खूण केलीत, ती खूण पुढे आणून माप घेतलंत, मग पातं हातानं फिरवून तीच खूण मागे नेलीत आणि पुन्हा माप. पातं स्वतः थोडं वाकडं असलं तरी तीच जागा दोन्हीकडे मोजल्यामुळे चूक होत नाही. पुढच्या-मागच्या मापात जवळजवळ अर्धा मिलीमीटर फरक निघाला. टेबलाखालचे बोल्ट सैल करायचे, लाकडी हातोडीनं हलकेच ठोकायचं, बोल्ट आवळायचे, पुन्हा मोजायचं. आवळताना माप परत सरकतं, म्हणून हे किती वेळा करावं लागलं ते आपल्या दोघांनाच माहीत! सुई पाच घरांच्या आत, म्हणजे मिलीमीटरच्या पाच शतांशांत आल्यावर तुम्ही चहाला हो म्हणालात. मग फेन्स, म्हणजे फळी जिला टेकवून सरकवायची ती आडकाठी, त्याच खाचेला समांतर केलीत आणि तिचं मागचं टोक कागदाच्या जाडीइतकं पात्यापासून दूर ठेवलंत. शेवटी गुण्या लावून पात्याचा काटकोन पाहिलात, तोही दात्यांना नाही, पात्याच्या सपाट अंगाला टेकवून.

पण मामा, माझे खरे आभार आहेत ते त्या पट्टीसाठी.

पात्याच्या मागे उभी राहणारी पोलादी पट्टी, जिला रायव्हिंग नाइफ म्हणतात, ती या मशीनला नव्हतीच. कुणीतरी केव्हातरी काढून टाकली असणार. आपल्याकडे मशीन आलं की गार्ड आणि ही पट्टी मध्ये येते म्हणून काढून टाकणारे बरेच आहेत, आणि मला ते अजिबात पटत नाही. तुम्ही कारण समजावून सांगितलंत. पात्याचे पुढचे दाते वरून खाली येतात, लाकूड टेबलावर दाबून धरतात. मागचे दाते खालून वर येत असतात. चिरलेलं लाकूड त्या मागच्या दात्यांना टेकलं की ते वर उचललं जातं आणि समोर उभ्या माणसाच्या अंगावर फेकलं जातं. वाळताना लाकडात ताण राहिलेला असला, तर चिरल्यावर फळीचे दोन्ही भाग एकमेकांकडे येतात आणि पात्याला आवळतात. बाहेरून फळी कितीही सरळ दिसू दे. शिवाय लाकूड असं झटक्यात उडालं की त्याच्यावर ठेवलेला हात पात्याकडे ओढला जाऊ शकतो. पट्टी त्या चिरेत उभी राहते आणि फट मिटू देत नाही.

ती बाजारात या मशीनसाठी तयार मिळेना, तेव्हा तुम्ही उद्यमनगरात ती करवून घेतलीत. पात्याचे दाते ३.२ मिलीमीटरची चीर पाडतात, पात्याची अंगची जाडी २.२. पट्टी या दोन्हींच्या मधली हवी, म्हणून २.५ मिलीमीटरचा कडक पत्रा. पात्याच्या गोलाईला धरून कापलेला, दात्यांपासून पाच मिलीमीटर लांब, वरचं टोक पात्यापेक्षा किंचित खाली, आणि शाफ्ट ज्या ब्रॅकेटवर बसतो त्यालाच बोल्टनं जोडलेला, म्हणजे पातं वर-खाली केलं की पट्टीही सोबत जाते. याहून बारीक चिरेचं पातं लावलं तर ही पट्टी चालणार नाही, लाकूड तिच्यावरच अडेल, हे तुम्ही भिंतीवर खडूनं लिहून ठेवलंत. ते आता मी ऑइल पेंटनं पक्कं करून घेतलं आहे.

मी तुम्हाला त्या अमेरिकन मशीनबद्दल विचारलं होतं. स्टीफन गॅस यांनी शोधलेलं तंत्र, बोट लागताक्षणी पातं सेकंदाच्या हजार भागांपैकी पाचेक भागांत थांबवणारं. तुम्ही मन लावून ऐकलंत आणि म्हणालात, "लई भारी हाय. पण लाकूड फेकायचं त्यानं थांबत न्हाई. पट्टी त्येलाबी लागतीच." अगदी खरं आहे. त्या मशीनलाही रायव्हिंग नाइफ असतेच.

जुना साधा स्विच काढून तुम्ही नो-व्होल्ट कॉइलचा स्टार्टर बसवलात. लाइट गेली आणि परत आली तरी पातं आपोआप फिरू लागत नाही, हिरवं बटण मुद्दाम दाबावं लागतं. पावसाळ्यात लाइटचा भरवसा नसतो, तेव्हा याची किंमत कळते. लाल बटण गुडघ्यानं दाबता येईल इतकं खाली घेतलंत, कारण अडचणीच्या वेळी दोन्ही हात लाकडावर असतात.

चालवण्याचं म्हणाल तर तुम्ही सांगितलेलं सगळं पाळते. हातमोजे नाहीत, बांगड्या नाहीत, ओढणी खुंटीला, केस बांधलेले, डोळ्यांवर चष्मा. उभं राहायचं ते पात्याच्या रेषेत नाही, थोडं डावीकडे. पातं फळीच्या वर दात्यांपुरतंच काढायचं. फळीची सरळ रंधलेली कड फेन्सला, आणि फळी पन्हळ झालेली असेल तर पोकळ बाजू खाली, म्हणजे ती डुलत नाही. आडवं कापताना माइटर गेज (खाचेतून सरकणारा, फळी कोनात धरणारा आधार) आणि फेन्स दोन्हींचा आधार एकदम घ्यायचा नाही, तुकडा मध्ये अडकतो. हात पात्यापासून वीतभर लांब, त्याच्या आत तुम्ही प्लायमधून कापून दिलेला ठोकळा. पायताणासारखा आहे तो, मागे टाच असलेला, त्यामुळे फळी खाली दाबलीही जाते आणि पुढेही सरकते. सुरू केलेला काप अर्ध्यात मागे ओढायचा नाही, पट्टीच्या पलीकडे नेऊनच सोडायचा. सुटलेला तुकडा पातं पूर्ण थांबल्यावर उचलायचा.

एक गोष्ट मात्र मी कुठेच ऐकली नव्हती. आपल्या पावसात बिडाच्या टेबलावर रात्रीत गंज धरतो आणि लाकूड सरकेनासं होतं. सरकत नाही म्हणून माणूस जोर लावतो, आणि जोर लावलेला हात निसटला की कुठे जाईल ते सांगायला नको. म्हणून तुम्ही टेबल घासून त्यावर मेण चोळायला लावलंत. पावसाळाभर मी ते आठवड्याला करते. फळी आता दोन बोटांच्या रेट्यानं जाते.

शेजारच्या दोन मुली माझ्याकडे काम शिकायला येतात. लहान मुलांची अभ्यासाची डेस्क करतो आम्ही. त्यांना मी अजून मशीन चालवू दिलेलं नाही. आधी प्लग काढून पातं बदलायचं, डायल लावून मापं घ्यायची आणि पट्टी काढून पुन्हा जागेवर बसवायची, एवढं त्यांना जमलं की मग स्विच. धाकटीची सुई परवा चार घरांवर आली. तुम्ही असतात तर तिची पाठ थोपटली असतीत.

तुमच्या नातीसाठी एक डेस्क केलं आहे. सागवानी, पाय उतरते, खाली दप्तराला फळी. पॉलिश वाळायचं आहे. रविवारी सकाळी घेऊन येते, घरी असा.

तुमची,
फुलेवाडीच्या शेडमधली पोरगी