दिवाळीची साफसफाई आणि अण्णांची फुफ्फुसे

मँचेस्टर, ५ ऑक्टोबर

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

दिवाळीच्या तयारीला हातभार लावण्यासाठी आपण नाशिकहून इंदूरला, लोकमान्यनगरच्या घरी जाणार आहात, असे आईने कळवले. अण्णांच्या मूत्रपिंड प्रत्यारोपणाला अद्याप वर्ष झालेले नाही, तेव्हा काही गोष्टी आपल्याच कानावर घालतो. कारण आईला सांगितले की ती घाबरून जाते आणि अण्णा सारे हसण्यावारी नेतात.

शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून त्यांना टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन घ्यावे लागते, आणि याच औषधांनी त्यांची प्रतिकारशक्ती दबलेली असते. ॲस्परजिलस या बुरशीचे बीजाणू जेमतेम २ ते ३ मायक्रॉनचे असून, कुजका पालापाचोळा, ओल धरलेल्या भिंती, जुने धान्य आणि बांधकामाची धूळ यांतून ते हवेत मिसळतात. आपण सारेच ते रोज श्वासावाटे घेतो आणि आपल्या रक्षक पेशी त्यांचा निकाल लावतात, परंतु अण्णांच्या फुफ्फुसांत ते रुजून रक्तवाहिन्यांत शिरू शकतात. २०२१ मध्ये ॲम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनांसाठी लोकांची जी धावाधाव झाली, ती काळ्या बुरशीमुळे, म्हणजे म्युकरमायकोसिसमुळे, आणि तो आजार मुख्यतः मधुमेहींना झाला होता. ‘मला कुठे मधुमेह आहे?’ असे अण्णा म्हणतात, ते त्या आठवणीवरून, पण हा धोका निराळा आहे.

म्हणून माळा आवरणे, कोठीतली गव्हाची पोती झटकणे आणि न्हाणीघराजवळचे पोपडे खरवडणे ही कामे चालू असताना अण्णांना रामबागेत आत्याकडे ठेवावे. गच्चीवरची पारव्यांची विष्ठा कोरडी झाडू नये, आधी पाण्याने भिजवावी, कारण तिच्यात क्रिप्टोकॉकस ही आणखी एक बुरशी असू शकते. कुंड्यांतली माती उकरण्याचा त्यांचा हट्ट मात्र आपणच मोडावा. धुळीत जाणे अगदीच टळत नसेल तर एन-९५ मास्क हवा. तोंडावर उपरणे गुंडाळून भागत नाही.

प्रेडनिसोलोनमुळे ताप दबून राहू शकतो, त्यामुळे नुसता रेंगाळणारा खोकला, छातीतली कळ किंवा बडख्यातला रक्ताचा अंशही दुर्लक्षू नये. सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये काही न दिसणे शक्य असते. अशा वेळी सीटी स्कॅन आणि गॅलॅक्टोमॅनन (ॲस्परजिलसचा अंश शोधणाऱ्या) तपासणीबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारावे, आणि केवळ अंदाजाने क्षयाचे औषध सुरू होऊ देऊ नये. व्होरिकोनाझोल हे बुरशीवरचे औषध द्यायचे ठरले, तर ते रक्तातील टॅक्रोलिमसची पातळी बरीच वाढवते, आणि टॅक्रोलिमसचा डोस बहुधा एक तृतीयांशावर आणावा लागतो. म्हणून प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना कळवल्याशिवाय कोपऱ्यावरच्या दुकानातून एकही गोळी आणू नये.

ॲस्परजिलसचा हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही, हे आईला अवश्य सांगावे, नाहीतर ती अण्णांचे ताट-वाटी वेगळे काढून बसेल. आत्याशी माझे बोलणे झाले आहे; रंगारी कोणत्या दिवशी येणार, तेवढे तिला आधी कळवावे.

आपला,
श्रीकांत